परवा गेलेल्या आक्का

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहायला आलं आहे, कौस्तुभ आणि सायली. दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघंही सज्जन. हैदराबादेत मराठी बोलायला माणूस मिळाला याचा त्यांना इतका आनंद झालाय, की लिफ्ट खाली पोचेपर्यंत माझी पूर्ण मुलाखत घेऊन होते. मागे एकदा कौस्तुभने विचारलं, "काका, इथे चांगलं मराठी जेवण कुठे मिळतं हो?" मी मोठा उसासा टाकला आणि म्हणालो, "आता कुठलं रे बाबा! आमच्या आक्का परवाच गेल्या."

एवढंच बोललो. तो ऑफिसला गेला, मी दूध आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मी बनियनवर, एका हातात मिरचीचं भजं, टीव्हीवर क्रिकेट. कुणाच्या तरी हातून झेल सुटला होता आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी खो खो हसत होतो. तसाच हसत दार उघडलं. दारात कौस्तुभ पांढऱ्या कुर्त्यात, मान खाली. शेजारी सायली, हातात स्टीलचा डबा.

"काका, पिठलं-भात आणलाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आज तुमच्याकडे चूल पेटवली नसेल ना."

माझ्या मागून भज्यांचा खमंग वास येत होता. मी भजं पाठीमागे लपवलं. तोंडातलं तसंच गिळलं, ते घशात अडकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून कौस्तुभने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आता यांना कसं सांगणार? हैदराबादी माणसाचा 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. माझा शाळकरी दोस्त परसों भेटला म्हणजे परवा भेटला असेल किंवा आणीबाणीत भेटला असेल. हा परसों आमच्या मराठीतही कधी शिरला ते आम्हाला कळलंच नाही. माझं लग्न परवा झालं, माझे केस परवा गेले, निजामसुद्धा तसा परवाच गेला. आक्कांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

सांगणारच होतो मी. पण ते दोघं आत येऊन सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले. बायकोने टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता काय घोळ घातलात? तेवढ्यात कौस्तुभने विचारलं, "कोण होत्या तुमच्या?"

घ्या! खरं काय ते सांगायचं सोडून मी याचंच उत्तर द्यायला लागलो.

नात्याने कुणीच नव्हत्या. नारायणगुड्यात आमच्या बँकेमागच्या गल्लीत त्यांची खानावळ होती, 'मांजरा भोजनालय'. मांजरा म्हणजे आमच्या मराठवाड्यातली नदी. तीच पुढे इकडे तेलंगणात येते आणि हैदराबादच्या नळालाही तिचंच पाणी. आक्का उदगीरकडच्या. नवऱ्याच्या मागे इथे आल्या, नवऱ्याबरोबर खानावळ काढली, नवरा गेल्यावर एकटीने चालवली. बोर्डावर नदीचं नाव होतं, पण ते पुण्या-मुंबईच्या माणसाला काय माहीत? एकदा एक तरणाबांड पोरगा बोर्ड वाचून हसत हसत आत आला. "काकू, मांजराचं भोजनालय का हे?"

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हौ. म्हणून तर उंदरं नाहीत. बसा."

बुटक्या, सावळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हातात वरण वाढायचं पितळी ओगराळं. बाहेर गलका फार झाला की ते ओगराळं चौकटीवर ठाणकन वाजायचं. बँकेत माझ्या टेबलावर 'शांतता राखा' अशी पाटी होती, तिचं कुणीही काही ऐकत नसे. ओगराळ्याचं मात्र सगळे ऐकत.

मांजरामध्ये मेनू नावाची गोष्ट नव्हती. आक्का तुमच्या तोंडाकडे बघायच्या आणि ठरवायच्या. "आज तुम्हाला ताक." "आज मिरची नको, डोळे लाल झालेत." आपण काही बोललो, तर ते त्या ऐकून घ्यायच्या आणि वाढायचं तेच वाढायच्या. एखादी गोष्ट संपली तर 'संपली' असं म्हणायच्या नाहीत. 'परवा होती' म्हणायच्या. ती दुपारी बारापर्यंतसुद्धा असू शकायची.

माणसांना तिथे नावं नव्हती. मी नोकरीला नवा लागलो तेव्हा पहिल्या दिवशी लाजत लाजत म्हणालो, "आक्का, अर्धीच पोळी वाढा." मग आणखी अर्धी, मग आणखी अर्धी. अशा अर्ध्या-अर्ध्या करून मी त्या दिवशी जे काही रिचवलं, त्याची गोष्ट आक्का नव्या माणसाला आवर्जून सांगत. त्या दिवसापासून माझं नाव 'अर्धी पोळी'. पुढे मी मॅनेजर झालो. हैदराबाद बघायला आलेल्या मुंबईच्या मोठ्या साहेबांना रुबाबात मांजरामध्ये घेऊन गेलो, तर आतून आवाज आला, "अर्धी पोळी, हात धुतलाव का?" साहेबांनी जन्मभर ते नाव सोडलं नाही. माझ्या निरोपसमारंभात माईकवरून त्याच नावाने माझा सत्कार झाला.

आमच्या टेबलावर आम्ही तिघं. मी, शाळेत मराठी शिकवणारे कुलकर्णी मास्तर आणि सिकंदराबादला रेल्वेत असलेले खाजाभाई. मास्तर म्हणजे 'ताक कमी', खाजाभाई म्हणजे 'ठेचा'. खाजाभाई मूळचे आक्कांच्याच उदगीरचे. चिडले की दख्खनी बोलायचे आणि भूक लागली की मराठी.

आणि तिथलं वरण! पातळ, आंबट, वर कढीपत्त्याची नि सुक्या मिरचीची फोडणी. त्या वरणावर आम्ही तिघांनी जेवढी भाषणं केली असतील, तेवढी कुठल्या पुढाऱ्याने केली नसतील. मास्तरांचं ठरलेलं होतं. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "या वरणात आपली माती आहे. असं वरण पुण्यात जन्मात मिळायचं नाही." मग मी मान डोलवायचो. मी जन्मलो हैदराबादेत, वाढलो हैदराबादेत, मराठवाड्याची माती मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेली. पण मान अशी डोलवायचो की जणू काही आत्ताच नांगर सोडून आलोय.

लग्न झाल्यावर बायकोला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं ते मांजरालाच. तिला वाटलं होतं, एखाद्या एसी हॉटेलात नेईन. आक्कांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आंबट खातीस का?"

"खाते की."

"मग टिकशील," असं म्हणून त्या तिला थेट आत घेऊन गेल्या आणि वरण शिकवूनच बाहेर पाठवलं. मी बाहेर एकटाच जेवलो. बायको अजूनही म्हणते, की लग्नात मला नवरा कमी आणि वरण जास्त मिळालं.

आक्का कधी जेवतात, काय जेवतात, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं आटोपलं की त्या आत जात आणि दार लोटून घेत. आम्ही गृहीत धरलं होतं की आमचंच वरण भुरकत असतील. दुसरं काय भुरकणार?

मग देशाची दारं उघडल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. आमच्या गल्लीत ती उघडली म्हणजे एक सोडून एक दुकानावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. टीव्हीवर चॅनेल वाढले, कोपऱ्यावर मंचुरियनची गाडी उभी राहिली आणि कॉलेजची पोरं तिकडे वळली. जुने मेंबर कुणी रिटायर झाले, कुणी मुलाकडे गेले. दुपारी एक वाजता मांजराची अर्धी बाकं रिकामी दिसायला लागली. दुसरीकडे पुण्या-मुंबईची ही नवी कॉम्प्युटरवाली मंडळी शहरात भराभर येत होती. ती बोर्ड बघून आत यायची, आंबट वरणाचा एक घास घ्यायची आणि परत दिसायची नाहीत.

आक्कांचा मुलगा दिलीप. बी.कॉम., शांत, आईच्या धाकातला. तो एक दिवस आईला म्हणाला, "आई, संक्रांतीपर्यंत बघू. बाकं भरली तर ठीक. नाहीतर हॉल क्लासवाल्याला देऊन टाकू. तू घरी दिलसुखनगरला आराम कर, टीव्ही बघ." वाईट काही बोलला नव्हता तो. पण हे मला सांगताना आक्कांच्या हातातलं ओगराळं थांबलं. मी त्यांना तशा पहिल्यांदाच बघितल्या.

"मला टीव्हीपुढं बसवलं ना, अर्धी पोळी, तर तिथंच मरते बघा मी. मला चुलीपुढं राहायचंय. दुसरं काही नको मला."

मी म्हणालो, "आक्का, आम्ही आहोत ना!"

आम्ही होतो. तोच तर सगळा घोटाळा झाला.

एक दिवस दुपारी आम्ही येऊन बसलो, तर टेबलावर प्लास्टिकचा चकचकीत कागद. मेनूकार्ड! मांजरामध्ये! मास्तरांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "गोड्या मसाल्याची आमटी. मटकीची उसळ. बटाट्याच्या काचऱ्या. अळूचं फदफदं." इथे ते थांबले. "फदफदं! हा शब्द छापलाय!"

खाजाभाई भडकले. "काचऱ्या बोले तो? कचरा खिलारे क्या हमना?"

मास्तरांनी कागदाच्या दोन्ही बाजू बघितल्या, मग उन्हाकडे धरूनही बघितलं. "वरण नाहीये," ते म्हणाले.

त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक. बँकेत युनियनच्या मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा मी, टेबलावर मूठ आपटली आणि ओरडलो, "ही आमटी आम्ही खपवून घेणार नाही!" समोर वाढून ठेवलेली वाटी उडाली. आमटी मास्तरांच्या धोतरावर. मास्तर तशाच अवस्थेत उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, "जोपर्यंत आमचं वरण परत येत नाही, तोपर्यंत असहकार!" आम्ही तिघं ताठ मानेने बाहेर पडलो. मागे ओगराळंही वाजलं नाही. आक्का दारातून आमच्याकडे नुसत्या बघत होत्या.

आमचा हिशेब साधा होता. हा सगळा दिलीपचा उद्योग. नवा मेनू आपटला की जुना परत येणार आणि आक्का आम्हाला दुवा देणार. मेनू आपटला तर हॉल क्लासवाल्याकडे जाणार, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्यातला एक मुलांना शिकवत होता, एक रेल्वे चालवत होता आणि एकाच्या ताब्यात लोकांचे पैसे होते!

असहकाराच्या पहिल्या दिवशी मी इडली खाल्ली. दुसऱ्या दिवशी इराण्याकडे चहात बिस्किटं बुडवली. घरून डबा आणावा, तर बायको म्हणाली, "वरणासाठी लढा तुमचा, डबा मी का करू?" मग एके दुपारी पाय आपोआप मांजराच्या गल्लीत वळले. पुढच्या दाराने जायची सोय नव्हती, अब्रूचा प्रश्न होता. म्हणून मागच्या बोळातून गेलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खाजाभाईंची सायकल लावलेली होती. पायरीवर, अंगठा शिवलेली चप्पल, मास्तरांची.

आत डोकावलो. दोघं भिंतीला टेकून पाटावर बसलेले, ताटात भात, भातावर आमटी. मास्तरांचा घास तोंडातच राहिला. तो त्यांनी गिळला, घसा खाकरला आणि वर्गात बोलायचे तसे बोलले, "या. आम्ही शिष्टमंडळ म्हणून आलो आहोत."

"मीही त्यासाठीच आलोय," मी म्हणालो आणि तिसरा पाट ओढून घेतला.

आक्का चुलीपाशी होत्या. शेजारी त्यांचा आचारी यादगिरी कणीक मळत होता. आक्कांनी माझं ताट वाढलं. मी जेवायला लागलो. मास्तरांनी मात्र भाषण सुरू केलं, की आक्का, दिलीपच्या दडपणाला बळी पडू नका, या गोड आमटीत आपली माती नाही, आपलं ते आंबट वरण…

"दिलीपनं काही केलं नाही," आक्का म्हणाल्या. "मी बदललं. त्याला मीच म्हणलं, नवी माणसं यायलीत तर त्यांच्या तोंडाला लागंल असं करून बघते. आन् मला बी तेच ते करून कंटाळा आला होता. मला नवं काही येत नाही असं वाटलं व्हय तुम्हाला?"

मास्तर गडबडले. "पण कधी बदललंत?"

"परवापासून."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मग दोनच दिवस झालेत! अजून परत फिरता येईल."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "दोन दिस कुठले मास्तर? गणपती बसले होते तवापासून. रोज चिंच जराशी कमी केली, गूळ जरासा वाढवला. मागनं पुन्याचा मसाला घातला, चिमूट चिमूट. कार्ड तेवढं आत्ता छापलं."

गणपती बसले तेव्हापासून आता संक्रांत तोंडावर आलेली. या अख्ख्या काळात आम्ही रोज हेच खात होतो. कार्ड यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी डोळे मिटून 'या वरणात आपली माती आहे' म्हटलं होतं आणि मी नांगर सोडून आल्यासारखी मान डोलवली होती. त्यात पुण्याचा मसाला होता.

"सांगितलं का नाही आक्का?" मी कसाबसा विचारलं.

"तुम्हालाच तर सांगितलं! तुम्ही विचारलाव, आज चिंच कमी काय आक्का? मी म्हणलं, परवापासून कमी केली. तुम्ही मान हलवलाव."

आठवलं. मी घरी-दारी, बँकेत, सगळीकडे 'परवा' म्हणत हिंडणारा माणूस, आणि नेमका आक्कांचा परवा मला दोन दिवसांचा वाटला. उलट त्या दिवशी मी या दोघांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की चिंच जुनी असेल, चिंच जुनी झाली की असं होतं.

खाजाभाई हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "हौले हैं हम लोगां," ते म्हणाले. हौला म्हणजे आमच्याकडे बावळट. "पक्के हौले."

आक्का मात्र हसत नव्हत्या. त्या चुलीपुढून उठल्या आणि आमच्यासमोर बसल्या. "आन् आंबट तरी कुठलं आपलं? आमच्या घरी वरणात चिंच कवाच नव्हती. इथं आले तवा ह्या यादगिरीनं शिकवलं. पप्पुचारू म्हणतेत त्याला. तुम्ही म्हणलाव माती, मी म्हणलं असू दे, लेकरं खायलीत ना." मग त्यांचा आवाज बदलला. "पण तुम्ही उठून गेलाव ना, ते दिलीपनं बघितलं. जुनीच माणसं उठून चालली, आई, तो म्हणला. क्लासवाला उद्या बघायला येणारय. अर्धी पोळी, तुम्ही तर म्हणलाव होतं, आम्ही आहोत."

ताटातला भात मला दिसेना झाला. इतकी लाज मला शाळेत बाकावर उभं केलं होतं तेव्हाही वाटली नव्हती. मास्तरांनी हात धुतले, पुढच्या दाराने हॉलमध्ये गेले आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशा बाकावर जाऊन बसले. "आमटी आणा," ते ओरडले. आम्ही दोघं त्यांच्या शेजारी. पोट तुडुंब भरलं होतं, तरी आम्ही पुन्हा पहिल्यापासून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी अख्खी बँक जेवायला नेली, अगदी शिपायापासून. खाजाभाईंनी रेल्वेचे लोक आणले, त्यांतल्या बऱ्याच जणांना मराठी येत नव्हतं आणि फदफदं म्हणताना ते फार मेहनत घेत होते. मास्तर शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना घेऊन आले, शिवाय कार्डावरच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. क्लासवाला आला, दारात उभा राहिला. त्याला आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच गर्दीत पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरंही होती, कार्ड हातात धरून 'अय्या, काचऱ्या!' असं ओरडत.

एका पोराने तक्रार केली, "काकू, आमटी अगदी पुण्यासारखी नाही हं झालेली."

"ही हैदराबादची हाय," आक्का म्हणाल्या. "गार व्हायच्या आत खावा." त्याने खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी चौघांना घेऊन आला. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला. क्लासचं नाव दिलीपने पुन्हा काढलं नाही.

आक्का पुढे बरीच वर्षं चुलीपुढे होत्या. मग गुडघे गेले. तरी त्या यायच्या. दिलीप त्यांना स्कूटरवरून आणायचा, चुलीशेजारी स्टुलावर बसवायचा, आणि तिथून त्या ओगराळ्याने हुकूम सोडायच्या. एकदा मी म्हणालो, "आक्का, त्या आंबट वरणाची फार आठवण येते." त्या म्हणाल्या, "परवा या, करते."

आम्ही एकदा तोंडघशी पडलो होतो. या वेळी कुठलीही जोखीम नको म्हणून मोजून तिसऱ्या दिवशी, भर दुपारी तिघंही हजर. आक्कांनी बघितलं आणि हसायलाच लागल्या. "परवा म्हणलं की लगेच परवा येतेत व्हय? कवातरी या म्हणलं होतं!" पण यादगिरीला हाक मारली. चिंच भिजली, फोडणी चरचरली, तो जुना वास हॉलभर झाला. आणि मग जे कधीच झालं नव्हतं ते झालं. आक्का भिंतीला धरून धरून बाहेर आल्या आणि आमच्याच बाकावर बसल्या. "वाढा मला बी," त्या मला म्हणाल्या. "बघू तरी, कशासाठी भांडलाव."

मी ओगराळं हातात घेतलं. आक्कांनी एक घास तोंडात घातला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं! एक डोळा बारीक, नाक वर, सगळ्या सुरकुत्या एका बाजूला. "अगंबाई! हे खाताव तुम्ही रोज?"

"म्हणजे? तुम्ही कधी खाल्लंच नाही?" मास्तरांनी विचारलं.

"चाखायला यादगिरी हाय की! मी आपलं दूध-भाकर." आणि त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही तिघंही हसत होतो, आत यादगिरीही. मग दिलीपने स्कूटर काढली. आक्का मागे एका बाजूने बसल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "येते, अर्धी पोळी. परवा भेटू." गल्लीच्या टोकाशी स्कूटर वळली. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

हे सगळं मी सांगितलं. कौस्तुभ आणि सायली मान खाली घालून ऐकत होते. खरं तर यातून कुणालाही कळलं असतं, की ही गोष्ट जुनी आहे. पण ती दोघं पुण्याची, शोक करायला आलेली, आणि हातात घेतलेलं काम नीट पूर्ण करणारी. माझ्या बायकोला वाटलं, आता हे थांबवावं. ती उठली आणि म्हणाली, "पिठलं-भात आणलाच आहेत, तर सगळे मिळून जेवू या. वरण मी सकाळीच केलंय."

ताटं मांडली. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. कौस्तुभ, एक गंमत सांगू का, आमच्याकडे परवा म्हणजे… तेवढ्यात त्याने वरणाचा घास घेतला.

एक डोळा बारीक, नाक वर, सगळं तोंड एका बाजूला. "काकू, खूप… वेगळं आहे," तो कसाबसा म्हणाला.

मला हसू यायला हवं होतं. पण मी त्याच्या त्या वाकड्या तोंडाकडे बघत राहिलो आणि रडायलाच लागलो, ताटावर, सगळ्यांसमोर, मोठ्याने. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, मला तो धरवेना. कौस्तुभ उठून माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "नक्की कधी गेल्या, काका?"

"परवा," मी म्हणालो.